बगळा छाप

"ते कुलूप ते नव्हेच मुळी," बायको म्हणाली आणि उतू जाणारं दूध उतरवायला आत वळली.

तो दाराशी बूट घालत होता. डावा चढवून झाला होता, उजव्यात पाय अर्धा गेला होता, आणि कुलूप कोटाच्या खिशात टाकत त्यानं नुकतंच तिला सांगितलं होतं की आज कोर्ट आहे, हे बरोबर नेतोय, बाहेर गेलीस तर दाराला दुसरं लाव. यात नवीन काही नव्हतं. कंपनीच्या नावानं कुणी नकली कुलपं विकतो आहे अशी कुणकुण लागली की छापा पडायचा, छाप्यात ओळख पटवायला त्याला नेलं जायचं आणि पुढं केव्हातरी तीच ओळख त्यानं कोर्टात शपथेवर सांगायची. त्याचं कामच ते. नियम असा की ताडून पाहायला असली कुलूप कंपनीच्या नमुन्यांच्या कपाटातून न्यावं. पण त्या कपाटातून काही काढायचं म्हणजे चार साहेबांच्या मिनतवाऱ्या, आणि छापा काही कुणासाठी थांबत नाही. म्हणून एकदा घाईत त्यानं आपल्या घराच्याच दाराचं कुलूप काढून खिशात घातलं होतं, मग पुन्हा एकदा, आणि होता होता तीच रीत पडून गेली. कुलूप कंपनीनंच त्याला चांगल्या कामाबद्दल भेट दिलेलं. पितळी, तळहातात मावणारं, पोटावर एका पायावर उभा बगळा. त्याहून असली शोधायला जायचं कुठं? त्यानं उजवा बूट तसाच अर्धवट ठेवला आणि आत जाऊन विचारलं, म्हणजे काय.

म्हणजे असं, की धाकटी बालवाडीत होती तेव्हाची गोष्ट. बायको दार उघडं टाकून शेजारी गेली होती, कुलूप एकुलत्या एका किल्लीसकट कडीला नुसतं अडकवलेलं, परत आली तर घरातली काडी हललेली नव्हती, फक्त कुलूप गेलं होतं. चोरानं सगळं घर सोडून कुलूपच नेलं, यावर हसावं की रडावं तिला कळेना. पण हे त्याला सांगायचं म्हणजे घर डोक्यावर घेतलं असतं त्यानं, कंपनीची भेट ना ती. म्हणून ती तशीच पायात चपला सरकवून बाजारात गेली, फुटपाथवर चादर अंथरून बसलेल्या एका माणसाकडून अगदी तसंच, बगळ्यासकट, घेऊन आली आणि दाराला लावून मोकळी झाली. संध्याकाळी तो आला, कडीला लटकलेल्या कुलपात त्यानं रोजच्या सवयीनं किल्ली फिरवली आणि उंबऱ्यातच थांबला. तिचा जीव खाली-वर. तर त्यानं डोळे मिटले, पुन्हा लावलं, पुन्हा उघडलं, आणि म्हणाला, ऐकलंस, असा आवाज दुसऱ्या कुणाला काढून दाखवायला सांग. मग काय बोलणार ती. आधी हसू आलं, मग भीती वाटली, आणि मग संसारात विसरूनच गेली. "काल तुम्ही म्हणालात की आजच्या खटल्यातला तो दुकानदार या वेळी आत जाईल," ती ओट्याकडं बघत म्हणाली. "तोपर्यंत मला वाटायचं, तुमच्या कुलपांचं तुम्ही बघून घेता."

त्यानं काहीतरी बोलायला हवं होतं, निदान ओरडायला तरी; पण राग यायलासुद्धा माणसाला पायाखाली काहीतरी घट्ट लागतं. त्यानं बूट नीट चढवला, नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. खिशातल्या कुलपाचं वजन नेहमीइतकंच होतं आणि याच गोष्टीचं त्याला सगळ्यात नवल वाटलं. जिना उतरताना ते मांडीवर आपटत होतं, तेही नेहमीसारखंच. कोर्टाला अजून पुष्कळ वेळ होता, तेव्हा आधी कंपनीत जावं आणि कपाटातली कुलपं एकदा ऐकून घ्यावी, असं त्यानं ठरवलं. ठरवलं म्हणजे पाय तिकडं वळले. बसमध्ये खिडकीजवळ जागा मिळाली. रस्त्यावरची दुकानं नुकतीच उघडत होती आणि प्रत्येक दुकानदार वाकून शटरचं कुलूप काढत होता. इतकी वर्षं हा रस्ता रोजचा, पण सगळं शहर सकाळी वाकून कुलपं काढतं हे आज प्रथमच डोळ्यात भरलं. बसमधून आवाज येत नव्हते. नुसते वाकलेले पाठीचे कणे, हाताचा एक झटका आणि वर जाणारा पत्रा.

कंपनीत त्याला कानवाले म्हणत. नवीन पोरं त्याला नावानं ओळखतच नसत. सुरुवातीला तो जोडणी खात्यात होता, तयार कुलपात किल्ली फिरवून बघायची आणि पुढं ढकलायचं एवढंच काम. दिवसभर किल्ली फिरवून मनगट सुजायचं. मग एकदा ग्राहकांकडून तक्रारीसाठी परत आलेल्या ढिगातून त्यानं काही कुलपं बाजूला काढली आणि म्हणाला, ही आपली नाहीत. साहेब हसले. भिंगाखाली घातली तर बगळ्याच्या चोचीत फरक निघाला. तेव्हापासून तो कानवाले. भिंगवाले आले, मोजमापाची यंत्रं आली, धातू तपासणारे आले, पण छाप्याच्या वेळी साहेबांना बरोबर हवा असायचा तो कानवालेच. त्यात खरं म्हणजे गूढ काही नव्हतं. किल्ली फिरली की आधी आतला खटका पडतो. मग क्षणभर काही नसतं. मग कडी सुटते. ते मधलं काही-नसणं ज्यात बरोबर तेवढंच, ते कुलूप असली. नकलीत दोन्ही आवाज एकमेकांच्या अंगावर पडायचे, नाहीतर मध्ये उगीच खरखर व्हायची. हे कुणाला समजावून सांगता येत नसे आणि समजावायची पाळीही आली नव्हती. तो डोळे मिटायचा, ऐकायचा आणि मान हलवायचा. त्या मान हलवण्यावर पोती भरून माल उचलला जायचा.

पण तेवढंच म्हणजे केवढं? हा प्रश्न त्याला बसमध्ये पडला आणि पडला तो पडलाच. रोज संध्याकाळी दमूनभागून घरी आल्यावर पहिला आवाज कानावर पडायचा तो दाराच्या कुलपाचा. वर्षानुवर्षं त्यानंच कान घडवला असणार. फुटपाथवरच्या कुणा माणसानं, कुठल्याशा पत्र्याच्या शेडमध्ये, आतली खटक्याची पट्टी जरा कमी घासली म्हणून मध्ये तेवढा अवकाश राहिला आणि तो यानं जगाचं माप म्हणून खिशात घालून फिरवला. असं असेल तर ज्यांना नकली म्हटलं ती? एक बाई आठवली. बाजारात खोक्यावर कुलपं मांडून बसायची, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं कानाला बांधलेली. तिचा सगळा माल त्यानं डोळे मिटून नकली ठरवला होता आणि तो पुढं रोलरखाली घालून चेचला होता. बगळे चपटे झालेले त्यानं स्वतः पाहिले होते. ती रडली-भेकली नाही. एवढंच म्हणाली की यातलंच एक मी माझ्या घराला लावलंय हो, आजवर कुणाला उघडलं नाही. हे त्यानं कितीतरी जणांना हसत हसत सांगितलं होतं. घरीसुद्धा सांगितलं होतं. आता आठवतं, तेव्हा बायको हसली नव्हती, उठून आत गेली होती. की त्याला आता तसं वाटतंय? आठवण ही अशी की मागाहून हवी तशी वाकते, आणि तिच्यावर कुणी छाप मारून ठेवत नाही.

आणि कुलूप चोरीला जायच्या आधीही तो कानवाले होताच की. हा विचार आला आणि त्याला एकदम हायसं वाटलं. तो शेजाऱ्याकडं बघून हसलासुद्धा, शेजाऱ्यानं पिशवी मांडीवर ओढून घेतली. घरच्या कुलपानं कान घडवला नाही, कान आधीचाच. मग कुठला? लहानपणी आई कामाला जाताना त्याला आत ठेवून बाहेरून कुलूप लावायची. बाप नव्हता, बघायला कुणी नव्हतं, रस्ता दारातच होता. करणार काय ती. खोलीला एकच खिडकी आणि तीही उंचावर. दिवस कसा जायचा ते आठवत नाही, पण संध्याकाळ आठवते. तो दाराला पाठ लावून बसलेला असायचा, आणि डोक्याच्या मागं, लाकडातून, खटका पडायचा. मग ती पोकळी. तिच्यात तो श्वास धरायचा, कारण आई सांगून गेलेली असायची की माझ्याशिवाय कुणी किल्ली घातली तर पलंगाखाली जा. आणि खटक्यावरून कळायचं नाही कोण ते. मग कडी सुटायची आणि आईच असायची, हातात भाजीची पिशवी. त्या पोकळीची लांबी त्याच्या अंगात बसली होती. ते कुलूप कुणाचं होतं? त्यावर बगळा होता का? तो आतल्या बाजूला होता. ते कुलूप त्यानं कधी धड पाहिलेलंच नव्हतं. जे आत असतात त्यांना छाप दिसत नाही. हायसं वाटलेलं तिथंच विरघळलं आणि कंपनीचा थांबा आला.

नमुन्यांच्या कपाटाच्या कारकुनानं, आज काही न्यायचं नाही, फक्त बघायचंय, म्हटल्यावर मिनतवारी करायला न लावता कपाट उघडलं. वेगवेगळ्या काळातली कुलपं कप्प्यांत ओळीनं मांडलेली. त्यानं एकेक घेऊन किल्ली फिरवली. पहिल्याचा खटका जड, मधली पोकळी लांब. दुसऱ्यात पोकळी जवळजवळ नाहीच. तिसऱ्यात खरखर. चौथं त्याच्या खिशातल्यासारखं वाटलं, म्हणून त्यानं खिशातलं काढलं, दोन्ही आळीपाळीनं उघडली, तर आता खिशातलंच वेगळं वाटू लागलं. कारकून टेबलाशी बसून सफरचंद कापत होता. तो म्हणाला, यंत्र बदललं की आवाज बदलायचाच, पट्ट्या बाहेरून यायला लागल्या तेव्हा तर फारच बदलला, आपलं कुलूप काय एका आईच्या पोटचं आहे का. यावर कानवाल्यांनी विचारलं, मग यातलं असली कुठलं? कारकुनानं त्याच्याकडं जरा काळजीनं पाहिलं आणि सगळीच, म्हणाला. कपाटातली ना ती.

कोर्टाच्या व्हरांड्यात कंपनीच्या वकीलबाई वाटच बघत होत्या. वयानं त्याच्या थोरलीएवढ्या, त्याला काका म्हणायच्या, आणि एका हातात कागद, एका हातात फोन असल्यामुळं दार कायम खांद्यानं उघडायच्या. बाकावर तो दुकानदार बसला होता. हार्डवेअरचं दुकान, नळ-बिजागऱ्या-कुलपं; रुंद खांद्यांचा, पिकल्या मिशांचा माणूस. छाप्याच्या दिवशी बाकीचे त्याच्या फळ्या उपसत असताना त्यानं कानवाल्यांना स्टूल पुढं केलं होतं, म्हणाला होता, बसून ऐका, उभ्यानं काय कळणार. एकदा आधी सापडलेला असल्यामुळं या खेपेला दुकानाचा परवाना जाणार होता आणि स्वारी थेट तुरुंगात. त्याच्या शेजारी त्याची बायको मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. पिशवीची चेन अर्धी उघडी होती आणि आतून घडी घातलेला टॉवेल, दाढीचं सामान आणि औषधाची बाटली दिसत होती. निकाल लागला आणि तसंच नेलं तर असावं म्हणून. कानवाले त्या टॉवेलकडं बघत राहिले. निळा होता, नवा नव्हता, पण इस्त्री केलेला होता. टॉवेलला इस्त्री कोण करतं?

त्यानं वकीलबाईंना बाजूला घेतलं आणि सुरुवात केली, समजा माझं कुलूपच. बाई म्हणाल्या, काका, आज समजा नको. पण त्याचा चेहरा बघून त्यांनी फोन खाली केला आणि काय झालं ते ऐकून घेतलं. सगळं ऐकलं. मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या दृष्टीनं त्याला धीर द्यायला होतं. कंपनी आता कुलूप बनवतच नाही, त्या म्हणाल्या, तीन कारखान्यांना बनवायला देते आणि बगळा आपला. त्यातल्या एकाचा करार संपला, तरी तो त्याच यंत्रावर, त्याच साच्यात, त्याच माणसांकडून माल काढत राहिला. करार होता तोवरचा माल असली, संपल्यानंतरचा नकली. दोन्हीत काडीचा फरक नाही, भिंगाला नाही आणि कानालाही नाही. "असली म्हणजे ज्याला आपण हो म्हटलं ते," त्या म्हणाल्या. "लोखंडात काही नसतं, काका." त्यानं विचारलं, मग मी इतकी वर्षं काय ऐकत होतो? बाईंना ते लागलं असावं, कारण त्यांनी त्याच्या दंडावर हात ठेवला. म्हणाल्या, आपल्याकडं याच्याविरुद्ध दुसरं काही नाहीये, मधला व्यापारी पळालाय. न्यायाधीशांना एक माणूस समोर लागतो, डोळे मिटून ठामपणे सांगणारा. कागदावर कंपनीचा असली नमुना असंच लिहिलंय, तेवढ्याला हो म्हणा आणि मोकळे व्हा, पुढचं मी बघते. त्यांचं बोलणं इतकं समंजस होतं की नाही कशाला म्हणायचं तेच त्याला सापडेना. मुलगीच समजूत घालत असल्यासारखं वाटत होतं आणि मुलींचं तो नेहमी ऐकायचा.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात त्याला कधी भीती वाटली नव्हती. उलट तिथं त्याला बरं वाटायचं. आयुष्यात एरवी कुणी त्याचं इतकं लक्ष देऊन ऐकत नसे. आज कठडा हाताला तेलकट लागला. पंखा चालू होता, मागं कुणीतरी खोकत होतं, खालच्या रस्त्यावर मागं सरकणाऱ्या ट्रकचा भोंगा वाजत होता, आणि हे सगळे आवाज सारख्याच मोठेपणानं त्याच्यापर्यंत येत होते, कुठला पुढं, कुठला मागं, हे कळायचंच बंद झालं होतं. वकीलबाईंनी नेहमीचे प्रश्न विचारले. किती वर्षं नोकरी, काय काम, त्या दिवशी काय केलं. तो उत्तरं देत होता आणि ती त्याला दुसऱ्या कुणीतरी दिल्यासारखी ऐकू येत होती, खर्जातली, सवयीची. जप्त केलेल्यातलं एक कुलूप पुढं ठेवलं गेलं. हेच ना? हेच. नकली म्हणून ओळखलंत? ओळखलं. शब्द बाहेर पडला तेव्हा दुकानदाराच्या बायकोनं पिशवीची चेन पुरती ओढून बंद केली. ती चेन त्याला स्पष्ट ऐकू आली.

विरुद्ध बाजूचे वकील वयस्कर होते, त्यांना सर्दी झाली होती आणि खटला हातचा गेल्यातच जमा असल्यासारखे ते उठले. विचारायचं म्हणून त्यांनी विचारलं, ताडून कशाशी पाहिलंत? त्यानं वकीलबाईंकडं पाहिलं. त्यांनी मान किंचित हलवली, हो म्हणा. एवढंच तर म्हणायचं होतं. त्या वेळी त्याच्या मनात सत्य वगैरे काही नव्हतं, बाजारातली ती बाईही नव्हती. त्याला फक्त इतकंच वाटलं की आत्ता हो म्हटलं तर उद्यापासून घरी जाऊन त्या दाराशी उभं कसं राहायचं.

"माझ्या घरच्या कुलपाशी," तो म्हणाला.

वकिलांनी रुमाल खिशात ठेवला. "पण ते तरी असली आहे ना?"

"आज सकाळपर्यंत होतं."

कुणीतरी हसलं आणि थांबलं. न्यायाधीश इतका वेळ खाली बघून लिहीत होते, त्यांनी पेन ठेवलं आणि म्हणाले, नीट सांगा. त्यानं नीट सांगितलं. चोराचं सांगितलं, बालवाडीचं, फुटपाथवरच्या चादरीचं, कपाटातल्या कुलपांचं. सांगता सांगता आईचंही सांगणार होता, पण तिथं त्याला थांबवलं, ते या प्रकरणाला लागू नाही म्हणून. न्यायाधीशांनी विचारलं, आत्ता हे जप्तीतलं कुलूप उघडून तुम्ही सांगू शकाल का? त्यानं किल्ली फिरवली. खटका पडला की नाही कोण जाणे. कडी सुटलेली डोळ्यांनी दिसली. मला समजत नाही, तो म्हणाला, आणि म्हणताना त्याचा गळा असा दाटून आला की ते त्याचं त्यालाच विचित्र वाटलं. कुलपासाठी कुणी रडतं का? वकीलबाई खाली मान घालून कागद सारखे करत होत्या. पुढचं लवकर आटोपलं. दुसरा पुरावाच नव्हता, न्यायाधीशांनी जेवणाच्या सुट्टीआधीच निकाल सांगितला आणि दुकानदार सुटला. जाताना वकीलबाईंनी त्याला काका म्हटलं नाही. साहेबांना काय सांगायचं ते तुम्हीच सांगा, म्हणाल्या, आणि याआधीच्या सगळ्या खटल्यांचं आता काय होईल याचा विचार केलाय का, म्हणाल्या, आणि खांद्यानं दार उघडून गेल्या. नाही, विचार केला नव्हता. आता करावा लागणार होता. किती जण असतील? कोण कोण कुठं असेल? नोकरी जाणार हे तर उघडच होतं, पण ती जाण्याची नुसती कल्पनासुद्धा त्याला धड करता येईना, ती मध्येच निसटून त्या इस्त्रीच्या टॉवेलवर जाऊन बसायची.

तो बाहेरच्या पायऱ्यांवर आला. ऊन कडक पडलं होतं. खाली फाटकाशी दुकानदाराची बायको टॅक्सीवाल्याशी भाड्यावरून हुज्जत घालत होती, पिशवी तिच्याच खांद्याला होती, आणि दुकानदार पायऱ्या चढून पुन्हा वर येत होता. काहीतरी विसरलं असेल म्हणून कानवाले बाजूला सरले. तो त्यांच्यापाशीच येऊन थांबला. दम लागला होता. आभार मानायला आला असेल, असं वाटून कानवाल्यांना संकोच झाला. आभार कसले, आपण काही याला सोडवायला बोललो नाही. कशाला बोललो? हे विचारलं तर काय सांगायचं, याची ते जुळवाजुळव करू लागले.

"माल नकलीच होता," दुकानदार म्हणाला.

त्यानं ते हळू सांगितलं, पण चोरून नव्हे. दोघांच्या मधून एक शिपाई फायली घेऊन गेला, तेवढा वेळ तो थांबला आणि पुन्हा बोलला. घेतानाच मला ठाऊक होतं, म्हणाला. स्वस्त पडला म्हणून घेतला. तुम्ही त्या दिवशी स्टुलावर बसून डोळे मिटलेत आणि पहिल्याच फटक्याला बरोबर सांगितलंत. घरचं कुलूप कसलं का असेना, तुमचा कान पक्का आहे. एवढं बोलून त्यानं मिशीवरचा घाम पुसला.

कानवाल्यांना प्रथम काही कळलंच नाही. मग कळलं आणि छातीत काहीतरी असं उसळलं की कठडा धरावा लागला. आनंदच होता तो, दुसरं नाव नाही. कान पक्का आहे. सगळं पुन्हा जागच्या जागी बसत होतं, ती पोकळी, ती मान हलवणं, ते रोलरखालचे बगळेसुद्धा. आणि त्याच दमात मनाचा दुसरा कोपरा विचारत होता, हा माणूस सुटल्यावर जिना चढून हे सांगायला कशाला येईल? पिंजऱ्यात आपला गळा दाटला तो यानं पाहिला होता. स्टूल पुढं करणारा माणूस हा. एका बुडणाऱ्याला म्हणून यानं हे हातात दिलं नसेल कशावरून? खरं असेल तर याला मोकळा सोडून आपण आपलं वाटोळं करून घेतलं, फुकट. खोटं असेल तर बोललो ते ठीकच, पण मग कान गेला, कायमचा. त्यानं दुकानदाराच्या चेहऱ्याकडं पाहिलं. आयुष्यभर खरं-खोटं निवडण्यात गेलेली नजर ती, आणि समोर नुसता एक घामेजलेला, दमलेला, पिकल्या मिशांचा चेहरा होता.

"खरं सांगताय?" त्यानं विचारलं.

काउंटरच्या पलीकडून गिऱ्हाइकाला विचारावं तितक्याच साधेपणानं, अगदी अदबीनं दुकानदारानं विचारलं,

"तुम्हाला कुठलं पाहिजे?"

खालून त्याच्या बायकोनं हाक मारली, टॅक्सीवाला थांबायला तयार नव्हता. दुकानदार थोडा थांबला, उत्तरासाठी, खरंच थांबला. मग येतो म्हणून पायऱ्या उतरू लागला. कानवाल्यांना कळलं की उत्तर आपल्या ओठांवर आलेलं आहे. माल नकली असावा, हा माणूस चोर निघावा, बाजारातल्या त्या बाईचीही कुलपं नकलीच असावीत, आणि यांतल्या कुणाचंही काहीही होवो, आपल्याला बरोबर ऐकू येत होतं एवढं कुणीतरी म्हणावं. त्याला स्वतःची फार लाज वाटली. टॅक्सीचं दार लागलं, गाडी वळून फाटकाबाहेर गेली, आणि तरी तो तिथंच उन्हात, नकली म्हणायला उघडलेलं तोंड तसंच ठेवून उभा राहिला.